प्रतिकूल नोंद आढळली नाही

वरून पत्र आलं: पंचकमिटीवर बसायचं असेल
तर प्रत्येकाने पोलिसांचा दाखला आणावा.
पाळकसाहेबांनी उपासनेनंतर वाचून दाखवलं
आणि शरणपूरच्या आमच्या मंडळीत
चहाआधीच उकळी फुटली.

"देव ओळखतो आम्हाला, हवालदार कशाला?"
दाविद पारखे उभेच राहिले.
"तीन पिढ्या पुरल्यात आम्ही इथल्या मातीत."
मी सेक्रेटरी. मी इतिवृत्तात लिहिलं,
चर्चा झाली.

मग दोन महिने माझ्या पिशवीत अकरा माणसं.
आधार, वीजबिल, दोन फोटो, दोन साक्षीदार.
सेवा केंद्रातला पोरगा विचारायचा,
"मावशी, कारण काय टाकू? नोकरी? व्हिसा?"
यादीत चर्च नव्हतं.
त्याने 'इतर'वर टिचकी मारली.

ठाण्यात बाकावर बसले होते,
शेजारी मोबाईल हरवलेला एक विद्यार्थी,
भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर.
शिपाई हसत म्हणाला,
"चर्चमध्ये काही भानगड झाली का, बाई?"
"नाही," मी म्हणाले.
जिभेला सवय होती.

एकेक कागद परत आला.
शमुवेल मकासरेंच्या कागदावर शेरा होता:
सन १९८९, सातपूर, कारखान्याचं गेट, बेकायदा जमाव.
माझ्या हातात देताना त्यांनी टोपी काढली.
"माझं नाव कमी करा.
दगड मी मारला नव्हता, पण होतो तिथे."
तीस वर्षं हा माणूस घंटेचा दोर ओढतो,
पाऊस आला की पोरांच्या चपला
न सांगता आत आणून ठेवतो.

अमोलिक सरांनी मात्र
दाखला लॅमिनेट करून आणला.
प्रतिकूल नोंद आढळली नाही.
"फाईलला लावा," म्हणाले, आणि कोटाच्या खिशातून
लिमलेटची गोळी काढून पुढे केली.
अठ्ठ्याहत्तरीतही त्यांच्या खिशात गोळ्या असतात.

शिक्का खरा आहे. सही खरी आहे.
कुणी लिहिलंच नाही
ते आढळणार कुठून?

पेटीची खोली. नाताळच्या गाण्यांची तालीम.
बाकीची मुलं घरी गेलेली,
दाराला आतून कडी,
मी अकरा वर्षांची.
आईला सांगितलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती.
लाटणं थांबलं.
"त्यांनीच तुझ्या बाबांना प्रेसमध्ये चिकटवलंय."
मग लाटणं पुन्हा सुरू झालं.

फॉर्ममध्ये रकाना आहे,
आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?
आपल्याबाबतीत कधी गुन्हा घडला आहे काय,
असा रकाना नाही.
तो मी आखला. पट्टी घेऊन,
रात्री जेवणाच्या टेबलावर, कोऱ्या कागदावर,
डावीकडे समास सोडून.
दोन ओळी लिहायला मला पहाट झाली.

बैठकीत अकरा दाखले वाचले.
शमुवेलमामांच्या शेऱ्यावर पारखे बराच वेळ बोलले,
मंडळीच्या अब्रूबद्दल.
अमोलिक सर मान हलवत होते.
मग मी म्हणाले, बारावा कागद आहे.
वाचला. माझा आवाज
इतिवृत्त वाचतानाचाच होता, तेवढाच सपाट.

गोळीचा कागद चुरचुरला कुठेतरी.
पाळकसाहेबांनी चष्मा काढून हातात धरला,
पुसला मात्र नाही.
शमुवेलमामा उठले,
सभागृहाचं दार सताड उघडून
तिथेच उभे राहिले, बाहेर रिक्षांचा गलका.

चहाचा ट्रे घेऊन आलेली रूथ हिवाळे
ट्रे खाली ठेवेना.
"साल काय लिहिलंस?"
"एक्क्याऐंशी."
"माझं चौऱ्याऐंशी."
कप एकमेकांवर वाजत होते.
"दे इकडे तो कागद," ती म्हणाली,
"मागची बाजू कोरी आहे ना?"